शेवटचा पाहुणा जाईपर्यंत

२ फेब्रुवारी

लग्न आठवड्यावर आलं. घरात कुणी 'लग्न' म्हटलं की मी दोनदा दिवस मोजते, एकदा लेकीसाठी आणि एकदा स्वतःसाठी. लेकीचं लग्न झालं की मी हे घर सोडणार आहे. हे फक्त मला आणि मास्तरांना ठाऊक आहे.

मास्तर म्हणजे माझा नवरा. शाळेतले मास्तर नव्हेत, गाडी शिकवणारे. अर्धं गाव त्यांच्याकडे गाडी शिकलंय, म्हणून अर्ध्या गावाचे ते मास्तर, आणि ऐकून ऐकून माझेही. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. लग्नानंतर मी एकदाच शिकायला बसले. दर वळणावर त्यांनी आपल्या बाजूचा ब्रेक दाबला. उतरले ती पुन्हा बसले नाही. घरातही तेच. मला कुणी काही विचारलं की उत्तर मास्तर देतात. 'तिला साखर अर्धा चमचा.' 'तिला खिडकीपाशी नको, वारा बाधतो.' डॉक्टरांनी कुठे दुखतंय विचारलं तरी हेच सांगणार. मारलं नाही, दारू नाही, शिवीगाळ नाही. मग कुणाला सांगायचं तर सांगणार काय?

ऑक्टोबरात भांडी विसळताना एकदाचं बोलून टाकलं, मला वेगळं राहायचंय. वाटलं होतं भांडतील, निदान 'का' म्हणून विचारतील. ते ताटं पुसत राहिले. मग म्हणाले, "लेकीचं लग्न होऊ दे." आमच्या घरात एक रीत आहे, आमच्या स्वतःच्या लग्नापासूनची. घरी माणसं जेवायला आली की शेवटचा पाहुणा जाईपर्यंत नवराबायकोने दोघांनी दारात उभं राहायचं. एकट्याने निरोप द्यायचा नाही. मास्तर म्हणाले, "लग्नाचा शेवटचा पाहुणा गेला की तू मोकळी." आणि हात पुढे केला. मी ओल्या हातानेच मिळवला. इतक्या वर्षांचा संसार, आणि माणसाला एवढंही वाटू नये? मला त्याचंच जास्त लागलं.

खोली बघून ठेवली आहे. मी हॉटेलच्या लाँड्रीत काम करते, तिच्या मागच्या गल्लीत चपला दुरुस्तीचं दुकान आहे, त्याच्या वर. एक खिडकी, कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन, आणि पॉलिशचा वास. दुकान चालवणारी बाईच घरमालकीण. तिला फेब्रुवारीअखेर येते म्हणून सांगितलंय.

खरं तर लग्न उन्हाळ्यात होतं. पण लेकीने नोव्हेंबरात एकाएकी फेब्रुवारी ठरवलं. हॉल बदलावा लागला, कपडे घाईघाईने शिवले, जावयांना रजा मिळता मिळेना. तिला कसली घाई झाली कोण जाणे. विचारलं तर म्हणते, "आई, थंडीत फुलं टिकतात."

९ फेब्रुवारी

काल लग्न झालं. छान झालं. हे आधी लिहिते, नाहीतर पुढचं वाचून वाटायचं की मी तोंड पाडून बसले होते.

लेक निळ्या रेशमात इतकी गोड दिसत होती की ती सही करत असताना मी तिच्या कानामागच्या सुटलेल्या बटेकडेच बघत बसले. लाँड्रीतल्या माझ्या बायका नटूनथटून आल्या होत्या. रोज एकमेकींना ॲप्रनमध्ये बघायची सवय, दारात क्षणभर ओळखच पटेना. एका टेबलावर लाल सरबत सांडलं तर आम्ही सगळ्या एकदम ओरडलो, "थंड पाणी, थंड पाणी!" वाढप्याच्या हातातला ट्रे पडता पडता राहिला. जेवणं झाल्यावर बँड सुरू झाला तेव्हा त्यांनी मला ओढून नेलं आणि मी नाचले. खरंच नाचले, घाम येईपर्यंत.

मग भाषणं. बँडवाल्याने माझ्यापुढे माईक धरला. मी दोन वाक्यं तयार करून गेले होते, आंघोळ करताना म्हणूनही पाहिली होती. तोंड उघडेपर्यंत माईक मास्तरांच्या हातात. "तिला चारचौघांत बोलायला जमत नाही, तिच्या वतीनं मीच बोलतो." लोक हसले. भाषण मात्र सुरेख केलं त्यांनी. मीही रडले. माझी दोन वाक्यं आता इथे लिहावीत म्हटलं तर आठवत नाहीत.

मग दोघं दारात उभे राहिलो. हात मिळवून मिळवून मनगट दुखलं. मास्तर प्रत्येकाला म्हणत होते, "एवढ्यात कुठे? बसा की." त्यातले काही जण खरोखरच पुन्हा जाऊन बसले. मास्तरांना माणसांचं वेडच आहे. घर भरलेलं असलं की झालं, मी त्यात असले काय आणि नसले काय.

१५ फेब्रुवारी

लेक आणि जावई परवा विमानाने गेले. जावयांचं घर, नोकरी, आई, सगळं परदेशात, आता ती तिकडचीच. विमानतळावर तिने मला घट्ट धरलं आणि कानात म्हणाली, "आई, पाहुण्यांना लवकर काढ घरातून." मी म्हटलं, अगं, असं बोलू नये. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं.

घरातले एकेक करून गेले. नणंद गेली, जाताना माझी चांगली कढई घेऊन गेली. उरलेत ते एकटे पोस्टमनभाऊजी. मास्तरांचे लहानपणचे मित्र, निवृत्त पोस्टमन. जन्मभर कुणाच्या दारात घटकाभर थांबले नसतील, आणि आता आमच्या घरातून त्यांचा पाय निघत नाही. सकाळी बॅग भरून दाराशी ठेवलेली असते. मी कामावरून येते तर ती पुन्हा पलंगाखाली.

आज जेवताना ते म्हणाले, "वहिनी, मी उद्या निघतोच आता." आणि एकदम कळवळले. काय झालं विचारलं तर म्हणाले, पायात गोळा आला. मास्तर म्हणाले, "बघ, अशा पायांनी ह्याला सोडायचं कसं?" मी गरम पाण्याची पिशवी करून दिली. मनातून चडफडत होते.

२० फेब्रुवारी

मास्तरांनी पोस्टमनभाऊजींचे बूट तळ बदलायला दिलेत. चांगले धडधाकट बूट होते. आता बुटांशिवाय माणूस जाणार कसा? मी मास्तरांच्या जुन्या चपला देऊ केल्या तर भाऊजी खाली बघत म्हणाले, "वहिनी, मला यातलं काही विचारू नका." मी कुठे काय विचारलं होतं? म्हातारपणी माणसं विचित्र होतात.

खोलीसाठी पडदे शिवले, ते आखूड झाले. कापडाचा दोष नाही, माप मीच चुकीचं आणलं. चादर नुसती हातात धरली तरी मला तिचं माप कळतं, आणि एका खिडकीचं माप चुकावं? उसवले. पुन्हा शिवीन. घाई कुठे आहे, भाऊजी अजून इथेच आहेत.

२४ फेब्रुवारी

दुपारी डबा खाऊन घरमालकिणीकडे गेले, खिडकी पुन्हा मोजायला. ती टाचा ठोकत होती. तोंडातले खिळे हातात काढून घेत म्हणाली, "तुमचे मिस्टर येऊन गेले की. बूट घेऊन आले होते. वरची खोली बघायची म्हणाले."

पत्ता मी कधी सांगितला नव्हता. माझ्या मागून आले असतील किंवा कुणाला विचारलं असेल. वर जाऊन त्यांनी नळ उघडून बघितला, भिंतीला ओल आहे का ते हात लावून बघितलं, खिडकीची कडी ढिली होती ती स्क्रू आवळून नीट केली. म्हणे बराच वेळ लागला. आणि जाताना तिला विचारलं, वर दोन खुर्च्या मावतील का.

"मी म्हटलं, एकच मावेल," ती म्हणाली. "बरोबर सांगितलं ना?"

बरोबर सांगितलं, म्हटलं. पण राग राग झाला. जगात माझी म्हणून एक खोली, अजून तिथे एक ताटही नेलेलं नाही, आणि तिथेही येऊन यांनी ब्रेकवर पाय ठेवला. घरी आल्यावर भांडी जरा जास्तच आपटली.

२६ फेब्रुवारी

पोस्टमनभाऊजी गेले! मास्तर शिकवणीला गेलेले असताना दुपारी माझ्यापुढे येऊन उभे राहिले, पायात मास्तरांच्या चपला, काखोटीला बॅग. म्हणाले, "वहिनी, मी जातो. मित्र असला म्हणून काय झालं. तुम्ही मला माफ करा." चपलांचं एवढं काय मनावर घेतात, म्हटलं, राहू द्या तुमच्याकडे. दारात मी एकटीच उभी राहिले, पण त्याला इलाज नव्हता.

मी बॅग काढली. चार कपडे, माझी उशी, पडद्याचं कापड. भरता भरता गाणंही गुणगुणत होते.

मास्तर आले. बॅगेकडे बघितलं, मग रिकाम्या पलंगाकडे. टोपी काढून खुंटीला लावली आणि म्हणाले, "तो कुठे शेवटचा? तिकडचे पाहुणे राहिलेत अजून. तिकडे विहीणबाई मोठा समारंभ करतायत. आपल्याला बोलावणं आलंय. पुढच्या आठवड्यात निघायचं."

हे ठरलं नव्हतं, मी म्हटलं. ते म्हणाले, लग्न एकच, दोन ठिकाणी आहे एवढंच. शब्द मी दिला होता. आणि खरं सांगायचं तर लेकीचं घर बघायची हावही सुटली. घरमालकिणीला जाऊन सांगितलं. ती म्हणाली, मार्च संपेपर्यंत थांबते, पुढे नाही जमायचं, एक नर्स दोनदा बघून गेलीय.

मार्चअखेर म्हणजे काही लांब नाही, आणि समारंभ असा चालून चालून किती दिवस चालणार?

८ मार्च

लेकीचं घर छोटं आहे. दोन खोल्या, तिसऱ्या मजल्यावर. खाली ट्रामचे रूळ, समोर बेकरी. खिडक्या थंडीमुळे चिकटपट्टी लावून बंद केल्या आहेत, त्या एप्रिलाशिवाय उघडत नाहीत. आम्ही बाहेरच्या खोलीत, उघडून पलंग होतो तसल्या सोफ्यावर झोपतो. एकच पांघरूण. कूस बदलायची तर दोघांना एकदम बदलावी लागते.

घरात सगळे आपलीच भाषा बोलतात, पण इथली भाषा मला येत नाही. मास्तरांना थोडी येते, त्यामुळे आता तर विचारायलाच नको. दुकानात, जिन्यात, ट्राममध्ये कुणी माझ्याशी बोललं की ते उत्तर देतात, आणि काय उत्तर दिलं तेही मला कळत नाही. काल एका बाईने हसून माझा हातच हातात घेतला. यांनी तिला माझ्याबद्दल काय सांगितलं देव जाणे.

हे मी बाथरूममध्ये टबाच्या काठावर बसून लिहिते आहे. घरात आतून कडी लागते अशी हीच एक जागा. बाहेरून मास्तर विचारतायत, "बरं आहे ना तुला?" आणि लगेच शेजारून आलेल्या विहीणबाईंना सांगतायत, "बरं आहे तिला."

१२ मार्च

समारंभ झाला. इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये. रंगीत दिवे, कागदी फुलं, शेजारीपाजारी, जावयांचे कामावरचे मित्र. मजा आली. विहीणबाई हातात काठी घेऊन नाचल्या, ताल चुकला की ती काठी जमिनीवर आपटायच्या, जसा काही तालच चुकला होता, त्या नव्हेत. बेकरीवाल्याने केलेला केक एवढा उंच की जावयांनी स्टुलावर चढून कापला. बेकरीवाला स्वतः मला वाढायला आला. हाताने विचारलं, अजून हवा? मला हवा होता. मास्तरांनी हॉलच्या दुसऱ्या टोकावरून हात हलवून नको म्हणून सांगितलं. तो गेला.

हात धुताना विहीणबाईंना म्हटलं, तुम्ही एवढ्या प्रेमाने बोलावलंत म्हणून येणं झालं. त्या म्हणाल्या, "मी कुठली? मी तर घरातल्या घरातच करणार होते. मास्तरांचाच फोन आला, मोठं करूया, आम्ही येतो म्हणून. किती हौस आहे त्यांना!" विहीणबाई फार विसराळू आहेत. लेकीला सांभाळून घ्यायला सांगितलं पाहिजे.

पाहुणे गेले. दारात लेक आणि जावई उभे होते, आमची रीत तिने इथेही आणली. मी मास्तरांना म्हटलं, झालं आता. ते म्हणाले, "बघू ना."

१८ मार्च

या गावात मास्तरांचे जुने विद्यार्थी निघाले! नोकरीसाठी इकडे आलेले. एक रुग्णवाहिका चालवतो, एक बस चालवते, आणखीही कुणी कुणी आहेत. मास्तरांनी सगळ्यांना शोधून फोन केले. आता प्रत्येकाला मास्तरांच्या लेकीच्या लग्नाचं जेवण घालायचंय. रोज एक घर. रोज नवा टेबलक्लॉथ, तेच हसू, 'तिला साखर अर्धा चमचा'. माणसं खरंच प्रेमळ आहेत. त्यामुळेच तर कुठे काही बोलता येत नाही.

परतीचं तिकीट परवाचं होतं. मास्तर म्हणाले पुढे ढकललं, बसवालीकडचं जेवण राहील म्हणून. मला विचारलं नाही. मला कोंडल्यासारखं होतंय. काल ती चिकटपट्टी नखाने टोकापासून सोडवत बसले होते, लेकीने बघितलं. माझ्या हातात नुसता चहाचा कप दिला.

२१ मार्च

घरमालकिणीचा फोन आला. नर्स रोज विचारतेय. एकतीसपर्यंत किल्ली घेतली नाहीत तर तिला देणार, मला नावं ठेवू नका.

आज मी मास्तरांना स्पष्ट सांगितलं. लेक आणि जावई कामावर होते. म्हटलं, मला परत जायचंय, माझी खोली जाईल.

ते माझ्या शालीचं टोक नीट करत म्हणाले, "तुला आत्ता तसं वाटतंय. पण तुला थांबायचंय. मी ओळखतो ना तुला."

आणि क्षणभर मलाच वाटलं, असेल बाई, थांबायचंच असेल मला. इतकी वर्षं माझी उत्तरं ह्यांनी दिली आहेत, त्यातली काही बरोबरही असणार. पडद्याचं माप मीच चुकवलं होतं ना? त्या दिवशी भाऊजी जात नाहीत म्हणून चडफडत होते, पण ते नसते तर दुसऱ्याच दिवशी मी गेलेच असते असं छातीवर हात ठेवून म्हणता येईल का? बाथरूममध्ये आले, कडी लावली आणि नळ सोडून रडले.

२४ मार्च

रुग्णवाहिकावाल्याकडे जेवण. भलंमोठं टेबल, त्याची बायको, दोन मुली, त्याच्याबरोबर काम करणारे, बसवाली, आम्ही सगळे. हसणं-खिदळणं चाललं होतं. रुग्णवाहिकावाला मास्तरांची नक्कल करत होता, 'आरशात बघ, आरशात बघ, तोंड बघायला नाही दिलेला तो!' मीसुद्धा हसले.

मग मास्तर पेला घेऊन उभे राहिले आणि त्यांनी जाहीर केलं, लेकीच्या लग्नाची तिमाही आपण सगळे इथेच साजरी करू. म्हणजे मे. आम्ही दोघं तोवर थांबतोय. "हिची तर फारच इच्छा आहे," म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बसवालीने माझ्या गळ्यात हात टाकला.

मी हसत होते. हात आपले चालले होते. खाली बघितलं तेव्हा माझ्या समोरच्याच नव्हे, पार टेबलाच्या कडेपर्यंतच्या सगळ्यांच्या नॅपकिनांच्या घड्या करून मी एकावर एक रचल्या होत्या. लाँड्रीत करतो तशा, टोकाला टोक. वापरलेल्या नॅपकिनांच्या. सगळे बोलण्यात होते, कुणाचं लक्ष नव्हतं. लेकीचं होतं. तिने वाटी खाली ठेवली आणि तिचा चेहरा असा झाला की लहानपणी तिचं बोट दारात चेमटलं होतं त्याची आठवण झाली.

२५ मार्च

सकाळी मास्तर बेकरीत पाव आणायला गेले. जावई आंघोळीला. लेक आली आणि आमच्या सोफ्यावरची चादर ओढून काढली. "आई, ते टोक धर."

चादरीची घडी घालायला दोघी लागतात. लांब उभं राहायचं, झटकायची, मग टोकं जुळवत एकमेकींकडे चालत यायचं. लहान असताना तिला मी लाँड्रीत न्यायचे तेव्हा हाच तिचा खेळ होता. टोकं जुळवत ती माझ्यापाशी आली, माझ्या हातातली टोकं तिने घेतली आणि म्हणाली, "आई, लग्न संपलं."

"अगं, बाबांनी त्या सगळ्यांना मे महिन्याचं..."

"लग्न माझं आहे ना? मग मी सांगते. संपलं. एकच पाहुणा राहिलाय."

"कोण?"

"तू."

ती चादर छातीशी धरून बोलत राहिली. ऑक्टोबरात ती चष्मा विसरला म्हणून परत आली होती. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली तेव्हा आम्ही दोघं हात मिळवत होतो. "शेवटचा पाहुणा, शेवटचा पाहुणा! मला वाटलं, उन्हाळ्यापर्यंत आई कशी काढेल. म्हणून लग्न अलीकडे घेतलं. तरी बघ तुम्ही दोघांनी ते कुठपर्यंत ओढत आणलंत."

"म्हणजे ती फुलं..."

"कसली फुलं, आई! गारठून गेली होती सगळी."

आम्ही दोघी हसायला लागलो, मग दोघीही रडायला लागलो. मी म्हटलं, अगं पण बाबा? ते म्हणतील...

"बाबांना मी ठेवून घेते. यजमानांकडचे आहेत ते. मला गाडी शिकायचीच आहे, शिकवतील."

"बाई गं, दर वळणावर ब्रेक दाबतील."

"दाबू देत की," ती डोळे पुसत म्हणाली. "आमच्या गाडीला त्यांच्या बाजूला ब्रेकच नाहीये."

तिकीट तिने कालच परवाचं करून टाकलंय.

२७ मार्च

विमानतळ. खूप वेळ आहे, म्हणून लिहिते.

निघताना मास्तर आणि लेक दारात उभे होते. जावई बॅग घेऊन खाली गेले. लेकीने मास्तरांना काय सांगितलं मला माहीत नाही, पण आज त्यांनी दाढी केलेली नव्हती. विहीणबाईंनी मला विचारलं, पोचल्यावर फोन करणार ना? आणि आम्ही सगळे थांबलो. मास्तरांनी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. मी म्हटलं, करीन.

मी पायरी उतरले. मास्तर म्हणाले, "एवढ्यात..." लेकीने त्यांचा दंड धरला होता. मी अर्ध्या जिन्यात असताना वरून त्यांचा आवाज आला, "खिडकीची कडी आधी ओढायची आणि मग फिरवायची. नुसती फिरवली तर अडकते."

बरं, म्हटलं.

आता इथे बसल्या बसल्या एकाएकी पोस्टमनभाऊजींचा तो पाय आठवला. पायात गोळा आला होता म्हणे! टेबलाखाली कुणाचा पाय कुणाच्या पायावर होता हे मला आता दिसतंय. बूट, विहीणबाईंना केलेला फोन, ढकललेलं तिकीट, दोन खुर्च्या. हा माणूस दीड महिना मला धरून ठेवायला धडपडत होता, आणि मी समजत होते की त्याला काही वाटतच नाही. मग एकदा 'जाऊ नको' का म्हणाले नाहीत? म्हणाले असते तर मी थांबले असते का? कुणास ठाऊक. ते मला विचारायला हवं होतं. त्यांनी विचारलंच नाही. त्याचंही उत्तर आपलं आपणच धरून चालले.

२९ मार्च

खोलीत आले. किल्ली घेतली. नर्स आली होती, तिला घरमालकीण म्हणाली, आता उशीर झाला बाई.

पडदे अजून शिवायचेच आहेत, बघू पुढे. आधी खिडकी उघडली. कडी ओढली, मग फिरवली. लगेच उघडली. खाली गल्लीत आमच्या लाँड्रीची गाडी मळक्या चादरींची गाठोडी उतरवत होती. खुर्ची एकच आहे. त्या खुर्चीवर बसून मी बराच वेळ काहीच केलं नाही.

संध्याकाळी घरमालकीण वर आली, हातात किटली आणि साखरेचा डबा. विचारलं, "साखर किती घालू?"

मी तिच्याकडे बघत राहिले. ती चमचा धरून माझ्याकडे बघत राहिली. खाली कुणीतरी दुकानाचं दार ढकललं, घंटी वाजली, ती हलली नाही. मग माझ्या लक्षात आलं की मी वाट बघतेय.

"दोन," मी म्हटलं.

चहा भयंकर गोड झाला होता. सगळा प्यायले.